ओव्हरराइड करताना वरच्या मेथडला विचारलंत का?

"सर, पान कोरंच येतंय."

कोल्हापुरात राजारामपुरीतलं आमचं ऑफिस तीन खोल्यांचं. गावोगावच्या दूध संस्थांसाठी आम्ही वेब सॉफ्टवेअर करतो: सकाळ-संध्याकाळचं संकलन, फॅट, एसएनएफ (फॅट वगळून दुधातले घन घटक), दहा दिवसांचं बिल. नव्यानं कामाला लागलेल्या एका मुलीला मी एक छोटं काम दिलं होतं. बिलाचं पान उघडण्याआधी आर्थिक वर्ष निवडलंय का ते बघायचं, निवडलेलं नसेल तर वर्ष निवडायच्या पानावर पाठवायचं. पाच-सहा ओळींचं काम. तिनं ते केलं, वर्ष निवडून पान उघडलं, आणि समोर पांढरं शुभ्र पान.

"एरर काय म्हणतंय?"

"एररच नाही की. लॉगमध्ये पण काही नाही. स्टेटस दोनशे येतंय."

स्टेटस २०० म्हणजे सर्व्हरच्या मते सगळं व्यवस्थित. पान पांढरं आणि सर्व्हर समाधानी, अशी जोडी दिसली की मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघतो: इथं कुणी फ्रेमवर्कची मेथड ओव्हरराइड केली आहे का? तिनं केली होती. फ्रेमवर्क म्हणजे वेब सॉफ्टवेअरसाठी आधीच लिहून ठेवलेला तयार सांगाडा, मेथड म्हणजे एका कामाचा नाव दिलेला कोड, आणि ओव्हरराइड म्हणजे त्याच नावाची आपली मेथड लिहून वरच्या मेथडची जागा घेणं. ओव्हरराइड हा विषय कॉलेजात प्राणी, कुत्रा आणि मांजर यांच्यावर शिकवतात. प्राणी आवाज काढतो, कुत्रा भुंकतो, मांजर म्यांव करतं, झालं. परीक्षेपुरतं ते पुरतं. पण वेब फ्रेमवर्कच्या कंट्रोलरमध्ये ओव्हरराइड करणं हे खूप वेगळ्या जबाबदारीचं काम आहे, आणि ते नीट समजावून कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख. कोडमधली नावं इथं उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहितोय, एडिटरमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये असतात.

आधी कंट्रोलर म्हणजे काय ते दोन वाक्यांत. ब्राउझरकडून रिक्वेस्ट आली की माहिती कुठून आणायची आणि कुठलं पान दाखवायचं, हे ठरवणारा क्लास (मेथड एकत्र ठेवणारा कोडचा साचा) म्हणजे कंट्रोलर. मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर (माहिती, तिचं दिसणं आणि नियंत्रण वेगवेगळं ठेवायचं) ही मांडणी वेबच्या कितीतरी आधीची, नॉर्वेच्या ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी ती १९७९ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात असताना मांडली. आणि क्लासवरून दुसरा क्लास काढायचा, वरच्याची मेथड खाली बदलता यायची, ही कल्पनाही नॉर्वेचीच: ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांची सिम्युला ६७ ही प्रोग्रामिंगची भाषा.

आज तुम्ही कुठलंही फ्रेमवर्क घ्या, तुमचा कंट्रोलर कधीच एकटा नसतो. आमचं ते सॉफ्टवेअर यी २ या पीएचपी भाषेतल्या फ्रेमवर्कमध्ये आहे. तिथं बिल कंट्रोलरच्या वर आमच्या ऑफिसचा एक सामाईक कंट्रोलर, त्याच्या वर यीचा वेब कंट्रोलर, आणि त्याच्याही वर यीचा मूळ कंट्रोलर. चार पिढ्या. तुम्ही फक्त सगळ्यात खालची पिढी लिहिता. वरच्या तिघांनी लिहून ठेवलेलं सगळं तुम्हाला आपसूक मिळतं, ते मिळतंय हे लक्षातसुद्धा येत नाही. खरी अडचण इथूनच सुरू होते.

आता त्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला तो फार चांगला होता. "सर, मी ही बिफोर-ॲक्शन नावाची मेथड लिहिली, पण ती बोलावली कुठंच नाही. मग ती चालते कशी?"

ती वडणग्याकडची, घरचं गुऱ्हाळ बघितलेली. म्हणून मी तिला गुऱ्हाळावरच नेलं. गुऱ्हाळात कामाचा क्रम ठरलेला असतो. रस निघतो, गाळला जातो, काहिलीत पडतो, चुलवाण पेटतं, भेंडीचं पाणी पडतं, वर आलेली मळी काढतात, पाक कधी उतरवायचा ते गुळव्या सांगतो, मग वाफ्यात ओतणं आणि शेवटी ढेप. कुणाला ढेपेऐवजी वड्या हव्या असतील, कुणाला वेलची घातलेला गूळ हवा असेल, तर त्या त्या टप्प्यावर फरक करता येतो. पण कुठला टप्पा कधी येणार हे गुऱ्हाळ ठरवतं. वेलची घेऊन आलेला माणूस ठरवत नाही. त्याचा टप्पा आला की त्याला हाक मारली जाते.

फ्रेमवर्क असंच चालतं. रिक्वेस्ट आली, रूट (त्या पत्त्याला कुठला कंट्रोलर ते) सापडला, कंट्रोलरचा ऑब्जेक्ट (क्लासवरून बनवलेली प्रत) तयार झाला, बिफोर-ॲक्शनला हाक गेली, मग ॲक्शन (त्या पानाचं मुख्य काम करणारी मेथड), मग आफ्टर-ॲक्शन, मग उत्तर ब्राउझरकडे. हा क्रम यीच्या मूळ कंट्रोलरमध्ये लिहिलेला आहे. तुम्ही तो लिहीत नाही आणि बदलतही नाही. तुम्ही फक्त एखाद्या टप्प्यावर आपला माणूस उभा करता. प्रोग्रामर मंडळी या रचनेला टेम्प्लेट मेथड म्हणतात.

आता नीट बघा. मळी काढायच्या टप्प्यावर एक माणूस रोज उभा असतो. तुम्ही त्याच्या जागी तुमचा माणूस उभा केलात आणि त्याला सांगितलंत, वेलची टाक. त्यानं इमानदारीनं वेलची टाकली. मळी कुणी काढली? कुणीच नाही. गुऱ्हाळ थांबलं नाही, कुणी ओरडलं नाही, ढेपासुद्धा पडल्या. ओव्हरराइड म्हणजे हे आहे. वरच्या मेथडमध्ये तुमची भर पडत नाही, तिच्या जागी तुमची मेथड येते. वरची आपल्या फाइलमध्ये जशीच्या तशी पडून असते, पण तिला कुणी हाक मारत नाही.

असं का होतं, ते भाषेच्या बाजूनं बघू. यीचा कोड म्हणतो, "या ऑब्जेक्टची बिफोर-ॲक्शन चालव." ऑब्जेक्ट बिल कंट्रोलरचा आहे. पीएचपी आधी बिल कंट्रोलरमध्ये बघतं: या नावाची मेथड आहे का? सापडली की ती चालवली आणि शोध संपला. सापडली नाही तरच एक पिढी वर जायचं. हाक मारणारा कोड सगळ्यात वरच्या पिढीत लिहिलेला असला तरी शोध मात्र सगळ्यात खालून सुरू होतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा विषय संपतो.

मग पांढरं पान का? यीची बिफोर-ॲक्शन एक उत्तर मागते: पुढं जायचं की नाही, ट्रू की फॉल्स. त्या मुलीनं वर्ष निवडलेलं नसेल तर दुसऱ्या पानावर पाठवून फॉल्स दिलं होतं, ते बरोबर. वर्ष निवडलेलं असेल तेव्हा मात्र मेथड काहीच न देता संपत होती. पीएचपीत काहीच न देणं म्हणजे नल, आणि अटीत नल फॉल्ससारखंच धरलं जातं. यीनं समजून घेतलं की पुढं जायचं नाही. ॲक्शन चालवली नाही, दाखवायला काही मिळालं नाही, म्हणून रिकामं उत्तर पाठवलं, स्टेटस २०० सकट. आफ्टर-ॲक्शनचंही असंच आहे. तिथं तुमच्या हातात आलेला रिझल्ट परत द्यावा लागतो. विसरलात की तयार झालेलं पान वाटेतच हरवतं.

हे सांगून मी चहा घ्यायला गेलो. परत आलो तर तिनं शेवटी "रिटर्न ट्रू" लिहिलं होतं आणि पान उघडलं होतं. सभासद, लिटर, फॅट, रक्कम, सगळं जागच्या जागी. ती खूश, आणि खूश व्हायलाच हवं होतं.

मला एक सवय आहे. लॉगिन लागणारं कुठलंही पान बदललं की ते इनकॉग्निटो विंडोत, लॉगिन न करता, एकदा उघडून बघायचं. उघडलं. पान जसंच्या तसं आलं. गावातल्या प्रत्येक घराचं दूध किती आणि त्याचे पैसे किती, हे लॉगिन न करता कुणालाही दिसत होतं.

या जागी मी तिला खुर्चीत बसवून यीचा कोड उघडायला लावला. आमच्या ऑफिसात याला पर्याय नाही: ज्या मेथडला हात लावणार, तिचा वरचा कोड आधी वाचायचा. वेब कंट्रोलरची बिफोर-ॲक्शन काय करते? सीएसआरएफ टोकन तपासते. म्हणजे तुम्ही आमच्या साइटवर लॉगिन असताना दुसऱ्याच एखाद्या साइटनं तुमच्या नावानं आमच्याकडे गुपचूप फॉर्म पाठवला, तर तो इथं अडवला जातो. आणि त्याच्या वरच्या मूळ कंट्रोलरची बिफोर-ॲक्शन काय करते? "आता ॲक्शन चालणार आहे" अशी दवंडी पिटते, म्हणजे इव्हेंट उठवते. कंट्रोलरला जोडलेले सगळे फिल्टर ही दवंडी ऐकून कामाला लागतात. लॉगिन आहे का, या माणसाला हे पान बघायचा हक्क आहे का, हे तपासणारा ॲक्सेस कंट्रोल त्यातलाच एक.

बिल कंट्रोलरमध्ये ॲक्सेस कंट्रोलचे नियम नीट लिहिलेले होते. ते तसेच फाइलमध्ये होते, वाचणाऱ्याला वाटलं असतं की पान सुरक्षित आहे. पण दवंडीच पिटली गेली नाही, तर राखणदार उठणार कसा?

दुरुस्ती दोन ओळींची. मेथडच्या सुरुवातीलाच पॅरेंटची, म्हणजे वरच्या क्लासची, बिफोर-ॲक्शन बोलवायची. ती फॉल्स म्हणाली तर आपणही फॉल्स देऊन बाहेर पडायचं. ती ट्रू म्हणाली तर मग आपलं आर्थिक वर्षाचं तपासायचं आणि शेवटी ट्रू द्यायचं. मळी काढणाऱ्याला हाकलायचं नाही. त्याला त्याचं काम करू द्यायचं आणि मग आपली वेलची टाकायची.

मला इथं एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. पांढरं पान ही किरकोळ चूक होती, कारण ती दिसत होती. चालू झालेलं पान ही मोठी चूक होती. वरच्या मेथडला न विचारता केलेलं ओव्हरराइड बहुतेक वेळा चालतं, आणि चालतं म्हणूनच धोक्याचं असतं.

आधी की नंतर?

वरच्या मेथडला हाक मारायची हे ठरलं, पण कधी? आपल्या कामाआधी की नंतर? याला एकच उत्तर नाही. वरची मेथड काय करते त्यावर ते अवलंबून आहे, म्हणून परत तेच, आधी ती वाचा.

जँगो या पायथन भाषेतल्या फ्रेमवर्कमधलं उदाहरण घेऊ. दुधाची नवी नोंद घ्यायचा फॉर्म आहे, त्यासाठी क्रिएट-व्ह्यू हा जँगोचा तयार क्लास वापरलाय. फॉर्ममध्ये सभासद क्रमांक, लिटर आणि फॅट. नोंद कुणी घेतली, हे फॉर्ममध्ये विचारायचं नाही, लॉगिन असलेल्या माणसावरून आपण भरायचं. त्यासाठी फॉर्म-व्हॅलिड ही मेथड ओव्हरराइड करतात. वरची फॉर्म-व्हॅलिड दोन कामं करते: नोंद डेटाबेसमध्ये साठवते आणि पुढच्या पानावर पाठवणारं उत्तर तयार करून देते. म्हणून नोंद घेणाऱ्याचं नाव सुपरला (वरच्या मेथडला बोलवायचा पायथनमधला शब्द) हाक मारायच्या आधी भरायचं. नंतर भरलंत तर नोंद अगोदरच साठवून झालेली असते, तुमचं नाव फक्त मेमरीत राहतं आणि रिक्वेस्ट संपली की जातं. तो रकाना रिकामा चालत नसेल तर डेटाबेस तिथंच अडवतो, रिकामा चालत असेल तर महिनोन्महिने कुणाला कळत नाही.

त्याच व्ह्यूमध्ये गेट-कॉन्टेक्स्ट-डेटा (पानाला लागणारी माहिती गोळा करणारी मेथड) ओव्हरराइड करताना उलटं. तिथं आधी सुपरकडून तयार डिक्शनरी घ्यायची आणि मग तिच्यात आपल्या दोन गोष्टी टाकायच्या.

आणि दोन्हीकडं, वरून मिळालेलं परत द्यायचं. जँगोची एक गोष्ट मला आवडते. फॉर्म-व्हॅलिडमध्ये रिटर्न विसरलात तर ते गप्प बसत नाही, व्ह्यूनं उत्तर दिलं नाही, नन (पायथनमधला नल) दिलं, असं स्पष्ट सांगून थांबतं. यीमध्ये तेवढी सोय स्वतः करून घेता येते: बिफोर-ॲक्शनच्या पुढं रिटर्न टाइप म्हणून बूल, म्हणजे ट्रू किंवा फॉल्सच, लिहा. मग काहीच न देता मेथड संपली की पीएचपी लगेच टाइप एरर देतं. ती एक ओळ लिहिलेली असती तर त्या दिवशी पांढऱ्या पानामागं अर्धा तास गेला नसता.

रूबीवाल्यांसाठी एक बारकावा. तिथं नुसतं सुपर लिहिलं तर तुमच्या मेथडला आलेले सगळे आर्ग्युमेंट (बोलवताना दिलेली माहिती) वरच्या मेथडला आपोआप जातात. सुपरपुढं रिकामा कंस लिहिलात तर एकही जात नाही. दोन टिंबांएवढा फरक, पण वर्तन पूर्ण वेगळं.

छोटं दार शोधा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

समजा एखाद्या संस्थेचं खातं बंद केलंय आणि तिच्या माणसांना लॉगिन करू द्यायचं नाही. लाराव्हेल या पीएचपीच्या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये, यूआय पॅकेज वापरणाऱ्या प्रोजेक्टमध्ये, लॉगिन कंट्रोलरला ऑथेंटिकेट्स-युजर्स नावाचा ट्रेट (क्लासला जोडायचा तयार मेथडचा गठ्ठा) जोडलेला असतो. नवखा माणूस सरळ लॉगिन ही मेथडच ओव्हरराइड करतो: ईमेल-पासवर्ड घे, जुळतो का बघ, खातं चालू आहे का बघ, आत पाठव. दहा ओळी, आणि चालतं.

पण मूळ लॉगिन मेथड काय काय करत होती? आधी फॉर्म तपासत होती. मग या माणसानं फार वेळा चुकीचा पासवर्ड टाकलाय का ते बघत होती, पाच वेळा चुकलं की एक मिनिट थांबवत होती. लॉगिन जमलं की सेशनचा क्रमांक (ज्यावरून सर्व्हर तुमचा ब्राउझर ओळखतो तो) बदलत होती, म्हणजे लॉगिनआधी कुणी तुमच्या माथी ओळखीचा सेशन क्रमांक मारला असेल तर तो निकामी व्हावा. चुकांची मोजणी शून्यावर आणत होती. माणूस ज्या पानावर जायला निघाला होता, तिथंच त्याला परत पाठवत होती. तुमच्या दहा ओळींत यातलं किती आलं? मी बघितलेल्या बहुतेक कोडमध्ये चुकीचे पासवर्ड मोजणारा भाग गायब असतो. मग कुणी रात्रभर पासवर्ड लावून बघत बसला तरी त्याला अडवणारं कुणी नाही.

याच ट्रेटमध्ये छोटी दारं मुद्दाम ठेवलेली आहेत. क्रेडेन्शियल्स नावाची एक मेथड आहे, ती फक्त एवढंच सांगते की कुठल्या रकान्यांवरून माणूस ओळखायचा. तिच्यात "चालू" हा रकाना १ असावा एवढी अट वाढवली की काम झालं. बाकी सगळं लॉगिन जसंच्या तसं. ईमेलऐवजी मोबाइल नंबरनं लॉगिन हवं? युजरनेम नावाची मेथड आहे. लॉगिन झाल्यावर काही नोंद करायची? ऑथेंटिकेटेड नावाची मेथड मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे, ती तुमच्यासाठीच. रिकामी असल्यामुळं तिथं वरचं काही गमवायची भीतीही नाही.

फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांनी हे टप्पे विचार करून पाडलेले असतात. मोठी मेथड बदलायची वेळ आली की आधी तिच्या आत कुठल्या छोट्या मेथडना हाक मारलीय ते बघा. तुम्हाला हवा असलेला बदल बहुतेक वेळा त्यातल्या एकीत मावतो. शिवाय पुढच्या व्हर्जनमध्ये मोठ्या मेथडमध्ये सुरक्षेची एखादी दुरुस्ती आली तर ती तुम्हाला आपोआप मिळते. तुम्ही अख्खी मेथड कॉपी करून ठेवली असेल तर तुमच्याकडं ती दुरुस्ती कधीच पोचत नाही, आणि पोचली नाही हे सांगणारंही कुणी नसतं.

क्रेडेन्शियल्स ओव्हरराइड करताना एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. मूळ क्रेडेन्शियल्सला हाक मारायला पॅरेंट लिहिलं, तर लाराव्हेल म्हणालं अशी मेथडच नाही. ट्रेट म्हणजे पॅरेंट नव्हे. ट्रेटमधल्या मेथड तुमच्या क्लासमध्ये चिकटवल्यासारख्या येतात. तुमच्या क्लासची स्वतःची मेथड ट्रेटच्या मेथडवर बसते, आणि ट्रेटची मेथड पॅरेंटच्या मेथडवर. पॅरेंट म्हटलं की पीएचपी ट्रेटकडं बघतच नाही, सरळ वरच्या क्लासकडं जातं. ट्रेटच्या मूळ मेथडला हाक मारायची असेल तर ट्रेट जोडतानाच तिला दुसरं नाव देऊन ठेवावं लागतं, मूळ-क्रेडेन्शियल्स असं काहीतरी, आणि मग त्या नावानं बोलवायचं.

पायथनमध्ये एकाहून जास्त पॅरेंट असू शकतात, त्यामुळं तिथं प्रश्न वेगळ्या रूपात येतो. कुणाकडं आधी बघायचं याची एक रांग पायथन ठरवतं, पायथन २.३ पासून सी-थ्री नावाच्या पद्धतीनं. सुपर म्हणजे तिथं "बाप" नव्हे, रांगेतला पुढचा. म्हणून जँगोत लॉगिन-रिक्वायर्ड-मिक्सिन (लॉगिन तपासणारा, दुसऱ्या क्लासात मिसळायचा छोटा क्लास) क्लासच्या कंसात सगळ्यात डावीकडं लिहायचा असतो. लिस्ट-व्ह्यू आधी आणि मिक्सिन नंतर लिहिलंत, तर रांगेत मूळ व्ह्यूची डिस्पॅच (आलेली रिक्वेस्ट हाताळणारी) मेथड पहिली सापडते, ती पुढच्या कुणाला हाक मारत नाही, आणि लॉगिनची तपासणी होतच नाही. दोन नावांची अदलाबदल, एरर नाही, आणि पान सगळ्यांना उघडं. आमच्या बिलाच्या पानाचंच हे दुसरं रूप.

करार मोडू नका

ओव्हरराइड केलेली मेथड कुठल्या आर्ग्युमेंटसह बोलावली जाणार, हे वरच्यानं ठरवलेलं असतं. वरची शो मेथड एक आयडी घेते आणि तुम्ही खाली आयडी आणि वर्ष दोन्ही सक्तीनं मागितलीत, तर पीएचपी ८.० पासून प्रोग्राम सुरूच होत नाही, फेटल एरर येतो. आधीच्या व्हर्जनमध्ये साध्या मेथडसाठी नुसती वॉर्निंग यायची आणि लोक ती बंद करून ठेवायचे. वर्षाला डीफॉल्ट दिलंत, म्हणजे ते न दिलं तरी चालेल असं केलंत, तर चालतं. खालच्यानं वरच्यापेक्षा जास्त मागायचं नाही आणि वरच्यानं जे द्यायचं कबूल केलंय त्यापेक्षा कमी द्यायचं नाही. संगणकशास्त्रज्ञ बारबारा लिस्कोव्ह यांनी हा विचार १९८७ च्या एका भाषणात मांडला, पुढं २००८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. कंट्रोलरच्या भाषेत सांगायचं तर, वरच्यावर भरवसा ठेवून लिहिलेला कोड तुमच्या क्लासच्या हाती दिला तरी त्याचा भरवसा खोटा पडता कामा नये. सिग्नेचर (मेथडचं नाव, ती काय घेते आणि काय देते) जुळली की पीएचपी समाधानी होतं. पण बिफोर-ॲक्शनची सिग्नेचर आमच्या त्या दिवशीच्या कोडमध्येही जुळत होती.

नाव चुकलं तर? बिफोर-ॲक्शनऐवजी बिफोर-ॲक्शन्स लिहिलंत, तर ती तुमच्या क्लासमधली एक नवी, कुणीच न बोलावणारी मेथड होते. एरर नाही. यावर जावामध्ये २००४ पासून ओव्हरराइड ही खूण आहे, सी-शार्पमध्ये सुरुवातीपासूनच ओव्हरराइड हा शब्द लिहावा लागतो, आणि पीएचपीत ८.३ पासून, म्हणजे २०२३ मध्ये, तसं ॲट्रिब्यूट आलं. पायथन ३.१२ मध्येही आलं, पण तिथं ते टाइप तपासणारं टूल वाचतं, पायथन स्वतः अडवत नाही. मेथडच्या डोक्यावर ही खूण लावली की तुम्ही भाषेला सांगता, वर या नावाची मेथड असलीच पाहिजे, नसेल तर मला थांबव. फ्रेमवर्कचं व्हर्जन बदललं आणि वरची मेथड काढून टाकली गेली, तर त्याच दिवशी कळतं. मी आता सगळीकडं लावतो.

प्रायव्हेट, म्हणजे बाहेरच्यांनी बोलवायची नसलेल्या, मेथडचा एक फरक लक्षात ठेवा. जावा आणि पीएचपीत वरच्याची प्रायव्हेट मेथड खालून ओव्हरराइड होत नाही, त्याच नावाची तुम्ही लिहिली तरी वरचा कोड आपलीच चालवतो. रूबीत मात्र होते. रेल्स या रूबीच्या फ्रेमवर्कमध्ये ॲप्लिकेशन कंट्रोलरमध्ये बिफोर-ॲक्शन (इथं ती मेथड नव्हे, ॲक्शनआधी कुठली मेथड चालवायची ते सांगणारी ओळ) लावून लॉगिन तपासणारी प्रायव्हेट मेथड असते. खालच्या कंट्रोलरमध्ये कुणी अजाणता त्याच नावाची मेथड लिहिली, तर तपासणी तिथं बदलून गेली.

आणि प्रत्येक गोष्टीला ओव्हरराइड लागतोच असं नाही. पाच-सहा कंट्रोलरमध्ये तेच तपासायचं असेल, तर लाराव्हेलचं मिडलवेअर, यीचा फिल्टर, रेल्सचं बिफोर-ॲक्शन बरं. तिथं तुम्ही रांगेत एक माणूस वाढवता, कुणाची जागा घेत नाही. आर्थिक वर्षाचं ते काम शेवटी आम्ही फिल्टरमध्येच हलवलं.

पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, त्या मुलीनं विचारलं, "सर, असं अजून कुठं असेल का?" आम्ही अख्ख्या प्रोजेक्टमध्ये बिफोर-ॲक्शन शोधलं. अकरा ठिकाणी ओव्हरराइड केलेलं निघालं. नऊ ठिकाणी पहिल्याच ओळीत पॅरेंटला हाक होती. दोन ठिकाणी नव्हती. एक पान नुसत्या सूचनांचं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. दुसरं सभासदांच्या बँक खात्यांचं होतं आणि ते मी लिहिलेलं होतं. आम्ही दोघांनी मिळून ते दुरुस्त केलं, सर्व्हरवर चढवलं, आणि गेल्या काही महिन्यांचे सर्व्हरचे लॉग काढून त्या पानावर बाहेरून कुणी आलं होतं का ते ओळीओळीनं तपासलं. कुणी आलेलं नव्हतं. रात्री साडेनऊ वाजता तिनं एक टेस्ट लिहिली: लॉगिन न करता प्रत्येक कंट्रोलरचं प्रत्येक पान उघडायचं, आणि लॉगिनचं पान सोडून दुसरं काही दिसलं तर लाल, म्हणजे टेस्ट नापास. आता कुणीही कोड चढवायच्या आधी ती चालते.